बीज मिळाले, चाऱ्याचे काय?

मासा पाळायचा म्हटले की दोन प्रश्न उभे राहतात: बीज कुठून आणायचे आणि चारा कुठून आणायचा. शेळ्या-कोंबड्यांच्या बाबतीत हे प्रश्न आपल्या पूर्वजांनी इतके आधी सोडवले की ते कधी प्रश्न होते याचीही आज कुणाला आठवण नाही. माशांचे तसे नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे आपल्या देशात शतकानुशतके तळ्यांत वाढवले गेले. पण तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नसत. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की वाहत्या पाण्यातून बीज गोळा करायचे, ते मडक्यांतून दूरदूरच्या गावी न्यायचे आणि त्यात नको त्या माशांची पिल्ले किती निघतील ते नशिबावर सोडायचे, अशी रीत होती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आपल्याकडे १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. बीजाची अडचण दूर झाली आणि गोड्या पाण्यातली मत्स्यशेती झपाट्याने पसरली, कारण चाऱ्याची अडचण मुळात मोठी नव्हतीच. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहूचे पाणवनस्पती आणि शेवाळावर भागते, मृगळ तळचा कुजका गाळ चिवडतो. शेण, कोंडा आणि पेंड एवढ्यावर तळे पिकते.

२००२ सालच्या जून महिन्यात जपानमध्ये वाकायामा प्रांतातल्या कुशिमोतो येथे याच जातीची, किंबहुना याहून कितीतरी अवघड, अशी एक गोष्ट घडली. किंदाई विद्यापीठाच्या समुद्री पिंजऱ्यांत, पिंजऱ्यातच जन्मलेल्या ब्लूफिन ट्यूनांनी अंडी घातली. अंड्यापासून मासा आणि त्या माशापासून पुन्हा अंडी, असे जीवनचक्र माणसाच्या देखरेखीखाली पहिल्यांदाच पूर्ण झाले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे स्वागत केले ते बहुधा एकाच सुरात: आता समुद्रातला ट्यूना वाचेल. ही प्रस्तावना त्या सुराशी वाद घालणारी आहे. कुशिमोतोला जे साधले ते अस्सल होते आणि त्यामागचे परिश्रम थक्क करणारे होते. पण तिथे दोन प्रश्नांपैकी पहिल्याचेच उत्तर मिळाले. रोहूच्या बाबतीत ते एक उत्तर पुरेसे होते. ट्यूनाच्या बाबतीत ते पुरेसे नाही, आणि या उद्योगाची किंमत ठरवायची असेल तर ती हॅचरीच्या दारात न ठरवता चाऱ्याच्या गोदामात ठरवावी लागेल.

आधी मासा ओळखून घेऊ. कोकणच्या बाजारात कुपा किंवा गेदर म्हणून येणारे मासे ट्यूनाच्याच कुळातले असले तरी ब्लूफिन हा त्या घराण्यातला सर्वांत मोठा आणि महागडा मासा, आणि तो आपल्या किनाऱ्यावर येत नाही. त्याच्या तीन जाती आहेत: पॅसिफिक, अटलांटिक आणि दक्षिणी. अटलांटिक ब्लूफिन तीन मीटरपर्यंत वाढतो. गळाला लागलेल्या सर्वांत मोठ्या माशाचे वजन ६७९ किलो होते, तो १९७९ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यावर सापडला. पॅसिफिक ब्लूफिन जपान, तैवान आणि फिलिपिन्सच्या दरम्यानच्या पाण्यात जन्मतो आणि त्यातले काही अख्खा महासागर ओलांडून कॅलिफोर्निया-मेक्सिकोपर्यंत जातात, मग वयात आल्यावर परततात. इतर बहुतेक मासे कल्ल्यांच्या झडपा हलवून पाणी आत ओढतात. ट्यूनाला ते जमत नाही. तोंड उघडे ठेवून तो सतत पुढे जात राहतो आणि त्या वेगानेच पाणी कल्ल्यांतून वाहते. थांबला की गुदमरला. त्यात त्याचे रक्त गरम. स्नायूंत निर्माण झालेली उष्णता वाया जाऊ न देणारी रक्तवाहिन्यांची दाट जाळी त्याच्या शरीरात असते, त्यामुळे त्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा दहा अंशांहूनही अधिक उबदार राहू शकतात. थंड समुद्रात वेगाने शिकार करायला ही व्यवस्था फार उपयोगी, पण ती चालवायला इंधन लागते. ट्यूना भरपूर खातो, आणि खातो ते मासेच. पाळीव प्राण्यात आपण जे जे गुण शोधतो, म्हणजे शांतपणा, दाटीवाटीत राहण्याची तयारी, स्वस्त खाणे आणि लवकर वयात येणे, त्यातला एकही गुण या प्राण्यात नाही. तीन ते पाच वर्षे पोसल्यावर तो प्रजननक्षम होतो.

मग जगात ट्यूनाची ‘शेती’ म्हणून जे चालते ते काय? बहुतेक ठिकाणी ती शेती नाहीच. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनला १९९१ च्या सुमारास, दक्षिणी ब्लूफिनच्या पकडीवर कडक मर्यादा आल्यानंतर, तिथल्या मच्छीमारांनी एक युक्ती काढली. मासा पकडायचा पण मारायचा नाही. जाळ्यासकट त्याला हळूहळू ओढत किनाऱ्याजवळच्या पिंजऱ्यात आणायचे, काही महिने तारलीसारखे मासे खाऊ घालून लठ्ठ करायचे आणि मग जपानला पाठवायचे. कोटा तेवढाच, पैसा दुप्पट-तिप्पट. हीच पद्धत भूमध्य समुद्रात स्पेन, क्रोएशिया, माल्टा, तुर्कस्तान इथे पसरली. जपानमध्ये त्याहूनही लहान, किलोच्या आतबाहेरची पिल्ले गळाने पकडून दोन-तीन वर्षे पिंजऱ्यात वाढवतात. हा धंदा मासेमारीचाच पुढचा टप्पा आहे. त्यात बीज समुद्राचेच असते, आणि जो मासा एकदाही अंडी न घालता पिंजऱ्यात जातो तो समुद्राच्या हिशेबात मेलेलाच असतो. शिवाय पाण्याखाली एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात गेलेल्या माशांची मोजदाद कोण करणार? भूमध्य समुद्रात पुढे त्यासाठी दुहेरी कॅमेऱ्यांनी मोजणी सक्तीची करावी लागली, तोवर कागदावरचे आकडे आणि पिंजऱ्यातले मासे यांचा मेळ बसत नसे. हॅचरीत जन्मलेले पिल्लू हवे होते ते या व्यवहारातून सुटण्यासाठी.

किंदाईची कथा इथे जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती चिकाटीची म्हणून सांगितली जाते आणि ती खरे तर पैशाच्या व्यवस्थेची कथा आहे. युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, १९४८ साली, या खासगी विद्यापीठाचे संस्थापक कोइची सेको यांनी शिराहामा येथे मत्स्य प्रयोगशाळा उभारली. समुद्राचीही शेती करता आली पाहिजे ही त्यांची धारणा होती. १९५४ मध्ये तेरुओ हारादा यांनी समुद्रात टांगलेल्या लहान जाळी-पिंजऱ्यांची पद्धत बसवली. त्यापूर्वी खाडीचे तोंड बांध घालून अडवावे लागे. आज जगभर जे समुद्री पिंजरे दिसतात त्यांच्या वंशावळीत या पिंजऱ्यांचे स्थान बरेच वरचे आहे. १९७० मध्ये जपानच्या मत्स्यव्यवसाय खात्याने ट्यूना पाळता येईल का हे तपासायला तीन वर्षांचा प्रकल्प दिला. त्यात इतरही संस्था होत्या. मुदत आणि निधी संपल्यावर त्या बाजूला झाल्या. किंदाई थांबले नाही, कारण त्यांच्याकडे स्वतःचे उत्पन्न होते. लाल ब्रीम, यलोटेल अशा माशांची बोटुकली ते मत्स्यशेतकऱ्यांना विकत असत आणि त्या पैशावर ट्यूनाचे अपयश पोसत असत. अपयशांची मालिका लांब होती. सुरुवातीची पिल्ले पकडल्यावर काही दिवसांतच मरत. त्यांची त्वचा इतकी नाजूक की हाताचा स्पर्शही सोसत नाही, म्हणून काटा नसलेले गळ वापरून, हात न लावता ती पाण्यातून पाण्यात सोडायला शिकावे लागले. १९७४ मध्ये पकडलेल्या पिल्लांनी मोठे होऊन १९७९ साली पिंजऱ्यात अंडी घातली, ही जगातली पहिलीच वेळ. त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले फार तर ४७ दिवस जगली. पुढे १९८३ पासून १९९३ पर्यंत सलग ११ वर्षे माशांनी अंडीच घातली नाहीत. या काळात, १९९१ मध्ये, हारादा वारले आणि धुरा हिदेमी कुमाई यांच्याकडे आली. कोणत्या सरकारी योजनेत अकरा वर्षांच्या शून्याला मंजुरी मिळाली असती? १९९४ ला अंडी पुन्हा आली आणि १९९५, १९९६ च्या पिल्लांपैकी जे मोजके मासे जगले तेच २००२ चे आई-बाप.

अंडी मिळणे हा तर प्रवासाचा आरंभ. पुस्तकाच्या पुढील भागात पिल्लांच्या मृत्यूची कारणे तपशीलवार येतीलच, पण त्यांची ओळख इथेच करून द्यावीशी वाटते, कारण या माशाचा स्वभाव त्यांतून जितका कळतो तितका त्याच्या वर्णनांतून कळत नाही. अंडे मिलिमीटरभर व्यासाचे. चोवीस अंश तापमानाच्या पाण्यात दीड दिवसाच्या आत ते फुटते. बाहेर आलेले तीन मिलिमीटरचे पिल्लू पहिल्या काही दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून मरते, कारण पृष्ठताण तोडून खाली जाण्याइतके बळ त्याच्यात नसते. त्यातून वाचलेले रात्री पोहणे मंदावले की टाकीच्या तळाशी बुडते आणि तिथे मरते. म्हणजे दिवसा वर मरण, रात्री खाली मरण. पाण्यावर तेलाचा पातळ थर देणे, टाकीतला प्रवाह आणि हवेचे बुडबुडे रात्रीसाठी वेगळे ठेवणे असे उपाय करत करत हा टप्पा सुधारला. दोन आठवड्यांनंतर पिल्ले एकमेकांना खाऊ लागतात. जे थोडे मोठे असते ते शेजाऱ्याला शेपटीकडून धरते. आकारानुसार ती निवडून वेगळी करावी लागतात, आणि स्पर्श न सोसणाऱ्या पिल्लांची निवड करणे म्हणजे काय हे वाचकाने कल्पनेनेच जाणावे. महिन्याभराचे झाल्यावर नवाच प्रकार सुरू होतो. पिल्ले टाकीच्या भिंतीवर किंवा जाळ्यावर सुसाट आदळतात आणि कणा मोडून मरतात. कारण शरीररचनेत आहे. ढकलणारे शेपूट आधी तयार होते, वळवणारे आणि थोपवणारे पर मागून येतात. उघड्या समुद्रात भिंत नसते, म्हणून निसर्गाला या क्रमाची काळजी कधी करावी लागली नाही. किनाऱ्यावरच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा प्रकाशझोत किंवा विजेचा लखलखाट एवढ्यानेही एका रात्रीत पिंजऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडे. शेवटी रात्रभर दिवे लावून ठेवणे हा साधा उपाय लागू पडला. इतके सारे करूनही अंड्यापासून पिंजऱ्यात सोडण्याजोग्या पिल्लापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण काही टक्क्यांच्या पुढे नेणे कठीणच राहिले आहे.

जपानबाहेरही प्रयत्न झाले. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीने दक्षिणी ब्लूफिनला जमिनीवरच्या टाकीत आणून, दिवसमान आणि तापमान कृत्रिमरीत्या बदलत, त्याच्याकडून अंडी घालवून घेतली. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली, आणि काही वर्षांत खर्च न पेलल्याने तो कार्यक्रम थांबला. स्पेनच्या सागरविज्ञान संस्थेने मुर्सिया किनाऱ्यावर २०१६ मध्ये अटलांटिक ब्लूफिनचे चक्र पूर्ण केले. पनामातल्या आचोतिनेस प्रयोगशाळेत पिवळ्या पराचा ट्यूना १९९६ पासून टाकीत अंडी घालतो आहे. तिथला हेतू मात्र संशोधनाचा, विक्रीचा नाही. म्हणजे बीज मिळवण्याची विद्या आता एका विद्यापीठाची मिरास राहिलेली नाही.

आता दुसरा प्रश्न. पिंजऱ्यातला ब्लूफिन एक किलो वाढण्यासाठी साधारण १२ ते १५ किलो ताजे किंवा गोठवलेले मासे खातो: तारली, बांगड्याच्या जातीचे मासे, माकूल. हा आकडा सांगताना एक सावधगिरी हवी, जी बरेच टीकाकार पाळत नाहीत. ताज्या माशात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते, आणि सॅल्मनसाठी सांगितला जाणारा सव्वा किलोच्या आसपासचा आकडा कोरड्या खाद्याचा असतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे आहे. पाणी वजा केले तरी ट्यूनाचे खाणे तीन-चार किलो कोरड्या खाद्याइतके भरते, म्हणजे सॅल्मनच्या अडीच-तीन पट. आणि हे खाणे येते कुठून? पोर्ट लिंकनचेच उदाहरण घ्यावे. १९९१ मध्ये तिथे तारलीची नवी मासेमारी सुरू झाली ती ट्यूनाच्या पिंजऱ्यांना चारा पुरवायला. आज वजनाच्या हिशेबाने ती ऑस्ट्रेलियातली सर्वांत मोठी मासेमारी आहे. १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८-९९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियापासून सुरू होऊन तारल्यांची प्रचंड मर झाली. त्यांच्यात एक नागीणवर्गीय विषाणू सापडला आणि संशय गेला तो ट्यूनासाठी आयात केलेल्या गोठवलेल्या माशांवर. तो सिद्ध झाला नाही. तरी पिंजऱ्यातला एक मासा समुद्रात किती दूरवर हात घालतो हे त्यातून दिसते. हॅचरीत जन्मलेला ट्यूना या बाबतीत रानातल्या ट्यूनाहून तसूभरही वेगळा नाही. उलट त्याचा चारा आणखी आधीपासून, पंधराव्या-विसाव्या दिवसापासून, मोजावा लागतो, कारण त्या वयाच्या पिल्लांना इतर माशांची नुकती फुटलेली पिल्ले जिवंत लागतात. एका हॅचरीसाठी दुसरी हॅचरी.

यावर पहिला आक्षेप सॅल्मनचा. नॉर्वेत १९९० च्या सुमारास सॅल्मनच्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के भाग समुद्रातून येत असे. पंचवीस वर्षांच्या आत तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरला आणि उरलेली जागा सोयाबीन, गहू आणि मोहरीवर्गीय तेलाने घेतली. मग ट्यूनाचेही तसेच होईल, थोडी वाट पाहा, असे सांगितले जाते. आक्षेप वजनदार आहे. पण त्यात गृहीत धरलेली साम्ये तपासली पाहिजेत. सॅल्मन थंड रक्ताचा, ट्यूना गरम रक्ताचा. एकाची ऊर्जा वाढीत जाते, दुसऱ्याच्या ऊर्जेचा मोठा भाग नुसते पोहत राहण्यात जातो. लहान ट्यूनाला साधे फिशमीलसुद्धा नीट पचत नाही. किंदाईच्या संशोधकांना एन्झाइमने आधीच अंशतः पचवलेले फिशमील वापरावे लागले तेव्हा कुठे पिल्ले गोळीखाद्यावर वाढू लागली. सॅल्मनच्या मागे निवड पैदाशीच्या अनेक पिढ्या उभ्या आहेत. ट्यूनाची एक पिढी चार-पाच वर्षांची, आणि पिंजऱ्यात एका रात्री अंडी घालणाऱ्या माद्या थोड्याच असल्याने पुढच्या पिढीचा वंशविस्तार अरुंद होतो. गोळीखाद्य येईल, येतही आहे. पण ते सॅल्मनच्या गतीने येईल असे मानायला पुरावा नाही, आणि तोवरचे प्रत्येक वर्ष चाऱ्याच्या माशांच्या खात्यावर मांडले जाते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. समुद्रातला ट्यूनासुद्धा मासेच खातो, आणि शिकारीच्या दगदगीमुळे कदाचित जास्तच खातो. मग पिंजऱ्यातल्याने खाल्ले तर बिघडले कुठे? हे म्हणणे खरे ठरेल, पण एकाच अटीवर: पिंजऱ्यातला प्रत्येक ट्यूना ताटावर समुद्रातल्या एका ट्यूनाची जागा घेत असेल आणि तो समुद्रात जिवंत राहत असेल तर. प्रत्यक्षात तसे घडत नाही. स्वस्त आणि वर्षभर मिळणाऱ्या लठ्ठ मांसाने ब्लूफिनची सुशी मोजक्या श्रीमंतांच्या हॉटेलांतून फिरत्या पट्ट्यावरच्या दुकानांत आणली, मागणी वाढली. टोकियोच्या तोयोसू बाजारात जानेवारी २०१९ मध्ये २७८ किलोचा एक रानटी मासा ३३ कोटी ३६ लाख येनना गेला, तेव्हा हॅचरीत जन्मलेला ट्यूना बाजारात येऊन पंधरा वर्षे होत आली होती. (नववर्षाच्या पहिल्या लिलावातला हा भाव जाहिरातीचा असतो हे कबूल.) शिवाय समुद्रातला ट्यूना जे खातो ते त्याच समुद्रात फिरते, त्याने खाल्लेल्या तारलीसाठी कुणी जहाजाचे इंधन जाळत नाही, शीतगृह चालवत नाही, आणि त्याची विष्ठा एका खाडीत साचत नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा दाव्याच्या रूपात येतो: कृत्रिम पैदाशीने समुद्रातला साठा वाचवला. इथे आकडे स्पष्ट बोलतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार पॅसिफिक ब्लूफिनचा प्रजननक्षम साठा मासेमारीपूर्व पातळीच्या अवघ्या २.६ टक्क्यांवर आला होता. २०१५ पासून ३० किलोखालच्या माशांची पकड २००२-०४ च्या सरासरीच्या निम्म्यावर आणण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय अमलात आला. २०२४ च्या मूल्यमापनात हाच साठा २३.२ टक्क्यांवर पोहोचल्याचे दिसले. २० टक्क्यांचे जे उद्दिष्ट २०३४ साठी ठेवले होते ते २०२१ मध्येच गाठले गेले. अटलांटिकची कथाही अशीच. २०१० मध्ये दोहा येथील परिषदेत अटलांटिक ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा मोनॅकोचा प्रस्ताव फेटाळला गेला. पण त्याच सुमारास पूर्व अटलांटिकचा कोटा १३,५०० टनांवर उतरवला गेला, देखरेख कडक झाली, आणि मासा परतला. या वर्षांत हॅचरीतल्या ट्यूनाचा वाटा इतका लहान होता की श्रेय त्याला देताच येत नाही. मासे वाचले ते कमी पकडल्यामुळे.

उलट हॅचरीच नियमांच्या आधाराने उभी राहिली, असे म्हणणे अधिक बरोबर. २०१२ मध्ये जपान सरकारने रानातली पिल्ले वापरणाऱ्या पिंजऱ्यांच्या वाढीवर बंधन घातले. हॅचरीच्या पिल्लांना त्यातून मोकळीक होती. मोठ्या कंपन्या या क्षेत्रात टिकून राहिल्या त्यामागे हे कारण होते. पण साठा सावरला, डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम व मध्य पॅसिफिकच्या मत्स्य आयोगाने मोठ्या माशांचा कोटा ५० टक्क्यांनी आणि लहानांचा १० टक्क्यांनी वाढवला, रानातली पिल्ले पुन्हा सहज मिळू लागली, आणि महागड्या कृत्रिम पिल्लांचे गिऱ्हाईक कमी झाले. अलीकडच्या काळात काही जपानी कंपन्यांनी या कामातून हात आखडता घेतला आहे. संवर्धन यशस्वी झाले की कृत्रिम पैदास तोट्यात जाते, हा या अर्थकारणातला विचित्र पेच आहे. ज्या तंत्राला समुद्र रिकामा असेल तरच बाजार मिळतो, त्याला समुद्राचा तारणहार म्हणणे मला पटत नाही.

मग ही बत्तीस वर्षांची खटपट वाया गेली का? मुळीच नाही. त्या खटपटीमुळे ट्यूनाचे बालपण पहिल्यांदा माणसाला दिसले. पिल्ले कोणत्या तापमानाला जगतात, कितव्या दिवशी काय खातात, कशाने मरतात हे समुद्रात पाहणे अशक्यच होते. साठ्याचे अंदाज बांधणाऱ्यांना आणि तापणाऱ्या समुद्राचा विचार करणाऱ्यांना हे ज्ञान रोज लागते. रानातली पिल्ले उद्या पुन्हा कमी झाली तर पर्याय हाताशी आहे, हेही थोडे नाही. किंदाईच्या उपाहारगृहात माशाबरोबर त्याचे ‘पदवी प्रमाणपत्र’ मिळते. त्यातली गंमत सोडली तरी कोणता मासा कुठे जन्मला आणि काय खाऊन वाढला हे गिऱ्हाइकाला सांगण्याची ती सवय अनुकरण करण्यासारखी आहे. श्रीमंतांच्या जिभेसाठी एवढे विज्ञान कशाला, हा आक्षेप म्हणूनच मला अपुरा वाटतो. ज्ञान कुणाच्या ताटासाठी मिळवले यावरून त्याची किंमत ठरत नाही. ते कशाच्या नावाखाली विकले जाते, हे मात्र विचारले पाहिजे.

मराठी वाचकाने हे पुस्तक का वाचावे, याचे उत्तरही चाऱ्यातच आहे. ब्लूफिन आपल्याकडे नाही आणि तो पाळायची कुणाची योजना असल्यास ती विसरून जावी. पण मांसाहारी समुद्री मासे पाळण्याच्या वाटेवर आपण केव्हाच पाऊल ठेवले आहे. रायगडच्या खारजमिनीतल्या तळ्यांत वाढणारा जिताडा मासेखाऊ आहे. त्याची कृत्रिम पैदास चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये साधली. कोबिया या तशाच मासेखाऊ माशाची पैदास मंडपमच्या केंद्रात २०१० मध्ये झाली. दोन्ही वेळी बातमी बीजाची होती. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर कर्नाटकापासून रत्नागिरीपर्यंतच्या फिशमील कारखान्यांत तारली जाते, जी वर्षागणिक कधी भरभरून येते तर कधी दिसेनाशी होते, आणि जी कोकणातल्या गरीब घरातले रोजचे कालवण आहे. एका महाग माशासाठी किती स्वस्त मासे दळायचे, हा हिशेब जपानइतकाच आपलाही आहे, आणि आपल्याकडे तो जास्त जणांच्या ताटाशी निगडित आहे.

तेव्हा पुढील प्रकरणे वाचताना वाचकाला एकच विनंती. अंड्यांचे, पिल्लांचे, पिंजऱ्यांचे आकडे येतील आणि ते मन वेधून घेतील. ते आवर्जून वाचावेत. पण जिथे जिथे एखाद्या माशाचे जीवनचक्र ‘पूर्ण’ झाल्याचे लिहिलेले आढळेल तिथे समासात पेन्सिलीने एवढेच विचारावे: खायला काय घातले, किती घातले आणि ते कुणाच्या समुद्रातून आले?